कोहिमाला घाईने उरकू नका

महोदय,

ईशान्य भारताच्या सहलींना जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या अलीकडे चांगलीच वाढली आहे. या सहलींत नागालँडमधील कोहिमाची युद्धस्मशानभूमी दाखवली जाते खरी, परंतु बाजार आणि जेवण यांच्या मधल्या उरल्यासुरल्या वेळात. नुकताच तेथे जाऊन आलो आणि ही घाई मनाला फार लागली, म्हणून हे पत्र.

दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल ते जून १९४४ या काळात, भारतावर चाल करून आलेल्या जपानच्या ३१व्या डिव्हिजनला ज्या गॅरिसन हिलवर रोखले गेले, त्याच टेकडीच्या उतारावर टप्प्याटप्प्याने १,४२० कबरी आहेत. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचे टेनिस कोर्ट हीच तेव्हा आघाडीची रेषा होती. कोर्टाच्या पांढऱ्या रेषा आजही जपलेल्या आहेत आणि एका कडेला उभे राहिले की पलीकडची कड इतकी जवळ दिसते, की एवढ्याशा जागेत माणसे दिवसरात्र एकमेकांवर हातबाँब फेकत होती या कल्पनेनेच अंगावर काटा येतो. कबरींवरच्या कांस्य पाट्यांवर नाव, पलटण आणि वय असते. एकोणीस, वीस, बावीस. अनेक ब्रिटिश सैनिकांच्या पाट्यांवर तळाशी घरच्यांनी कळवलेली एखादी ओळ कोरलेली आहे. त्या ओळी वाचताना पाय पुढे निघत नाहीत.

टेकडीच्या माथ्यावर मात्र वेगळेच काही जाणवते. दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचे स्मारक तेथे आहे. त्यांना कबर नाही, त्यामुळे आई, पत्नी किंवा भावाचा शब्दही नाही. आहेत ती फक्त नावे. खाली इतके वाचून वर आल्यावर ही शांतता असह्य होते, आणि नेमके येथवर चढून येण्याइतका वेळ सहलीत कोणाकडेच नसतो.

या लढाईशी आपला संबंध नाही असे कोणी समजू नये. कोहिमाला वेढा पडण्यापूर्वी, मार्च १९४४ मध्ये, मणिपूरमधील सांगशाकच्या पाणी नसलेल्या टेकडीवर ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन लढली. विमानातून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्या हाती पडत असतानाही त्यांनी शत्रूला अनेक दिवस अडवून धरले, आणि तेवढाच अवधी कोहिमाला मिळाला. मार्गदर्शकाच्या तोंडून सांगशाकचे नावही निघाले नाही, याचे मला वाईट वाटले.

सहल आयोजकांना विनंती आहे, की कोहिमासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवावा आणि शक्य असेल तेथे सांगशाकही दाखवावे. ज्यांच्या घरातले कोणी त्या युद्धात कामी आले असेल, त्यांनी निघण्यापूर्वी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर त्यांचे नाव शोधावे. ते कोणत्या स्मारकावर कोरले आहे हे तेथे कळू शकते.

– एक वाचक, सातारा