सवलत देण्याआधी तूट मोज

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सिटी कौन्सिलपुढचा (नगरपरिषदेपुढचा) ठराव वाचला. डाउनटाउनमध्ये, म्हणजे शहराच्या जुन्या मध्यवर्ती बाजारभागात, जो कोणी नवं बांधेल किंवा जुनं दुरुस्त करेल त्याला वाढीव मालमत्ता कर दहा वर्षं शंभर टक्के माफ. पेनसिल्व्हेनियात लर्टा (LERTA) या स्थानिक करसवलतीच्या कायद्याने (1977) एवढी सूट देता येते, त्यामुळे बेकायदा काही नाही. पण मत देण्याआधी एक गणित सभेत फळ्यावर मांड.

तुमच्या मेन स्ट्रीटवर असते तशी तीन मजली विटांची इमारत धर: एकूण 12,000 चौरस फूट, खाली दुकान, वरचे दोन मजले रिकामे. खरेदी 3 लाख डॉलर. दुरुस्ती फुटाला 130 डॉलरने 15 लाख 60 हजार. म्हणजे सगळे मिळून 18 लाख 60 हजार. आता उत्पन्न बघ. दुकानाचे 4,000 फूट, फुटाला वर्षाला 12 डॉलर. वर आठ घरं, प्रत्येकी महिना 1,100 भाडं. वर्षाचे 1 लाख 54 हजार होतात. रिकामे महिने 7 टक्के धरले, विमा-देखभालीचे 45 हजार आणि मालमत्ता कराचे 30 हजार वजा केले, की हातात 68 हजार उरतात. हप्त्याच्या सव्वापट उत्पन्न असल्याशिवाय बँक कर्ज देत नाही. 7 टक्के दराने 25 वर्षांसाठी या इमारतीवर जेमतेम 6 लाख 40 हजार मिळतील. उरलेले 12 लाख कुठून यायचे? डाउनटाउन रिकामं राहण्याचं खरं कारण ही तूट आहे. आळशी मालक हे दुय्यम कारण.

आता तुमची सवलत. 30 हजारांपैकी जुन्या मूल्यावरचा 6 हजार कर चालूच राहतो, माफ होतात 24 हजार. दहा वर्षांच्या या सवलतीची आजची किंमत 7 टक्क्यांनी काढली तर 1 लाख 70 हजार. दरवर्षी दहा टक्क्यांनी उतरती सवलत दिली तर फक्त 1 लाख 2 हजार. म्हणजे बारा लाखांच्या तुटीपुढे तुमची सगळ्यात उदार सवलत पावणेदोन लाखांची. एकट्या सवलतीवर ही इमारत उभी राहत नाही. आणि डाउनटाउनच्याच कडेच्या ज्या मोकळ्या प्लॉटवर बांधणं आधीच परवडतं, तिथे हीच सवलत सरळ नफ्यात जाते. कलामझूच्या अपजॉन संस्थेतले अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांचा 2018 चा अंदाज असा की, सवलत मिळालेल्या उद्योगांपैकी 2 ते 25 टक्क्यांचाच निर्णय त्या सवलतीमुळे फिरतो. बाकीचे तसेही आलेच असते. तो आकडा उद्योगांचा आहे, इमारतींचा नाही. पण सभेत सांगायला हरकत नाही.

तूट भरायची तर मोठा हातभार जुन्या इमारतींच्या केंद्रीय कर-क्रेडिटचा, म्हणजे आयकरातून थेट वजा होणाऱ्या रकमेचा. पात्र खर्चाच्या 20 टक्के. आपल्या उदाहरणात 15 लाख पात्र धरले तर 3 लाख, पण 2017 च्या कायद्यापासून ते पाच वर्षांत समान विभागून मिळतात. लहान मालकाचा स्वतःचा आयकर तेवढा नसतो, म्हणून गुंतवणूकदार भागीदार घेऊन क्रेडिट त्याच्याकडे वळवावं लागतं. डॉलरमागे 80 सेंट धर, म्हणजे 2 लाख 40 हजार. इतक्या लहान रकमेसाठी मोठ्या बँका येत नाहीत. गावातली नफ्यातली बँक किंवा विमा कंपनी आधीच बोलून ठेवावी. शिवाय राज्याचं 25 टक्के क्रेडिट आहे, प्रकल्पाला कमाल 5 लाख. इथे ते 3 लाख 75 हजार होईल, विकून 3 लाख 40 हजार. पण राज्याचा वर्षाचा निधी ठरलेला, अर्ज जास्त. ते मिळेलच असं धरून खरेदीखत करू नये. सगळं जमलं तर कर्ज, दोन्ही क्रेडिट आणि तुमची सवलत मिळून 13 लाख 90 हजार होतात. मालकाने 4 लाख 70 हजार घालायचे, म्हणजे एकूण खर्चाचा चौथा हिस्सा. परतावा तुटपुंजाच, पण काम सुरू होऊ शकतं.

हे क्रेडिट हुकतं ते बहुतेक वेळा घाईने. इमारत ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत स्वतंत्रपणे असावी लागते, नाहीतर नोंदलेल्या ऐतिहासिक भागात मोडून त्याच्या वैशिष्ट्यात भर घालणारी ठरावी लागते. तुमच्या डाउनटाउनची तशी नोंद नसेल तर कौन्सिलने पहिला खर्च त्या नोंदीच्या कागदपत्रांवर करावा. वर्षभर किंवा जास्तही लागू शकतं. नोंद झाली की घराला हात लावता येणार नाही ही भीती दुकानदारांना असते. ती खोटी आहे: स्वतःच्या पैशाने काम करणाऱ्या मालकावर त्या नोंदीने बंधन येत नाही. मग अर्जाचे तीन भाग: इमारतीची ओळख, कामाचा आराखडा, झालेलं काम. हॅरिसबर्गच्या, म्हणजे राज्याच्या, वास्तू-जतन कार्यालयातून ते केंद्राच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे जातात. दुसऱ्या भागाला मंजुरी मिळण्याआधी जुन्या लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवल्या, विटांवर वाळूचा मारा करून रंग उडवला, किंवा आतलं जुनं प्लास्टर पाडून वीट उघडी केली, तर सगळं क्रेडिट जाऊ शकतं. खर्चही पुरेसा हवा: 24 महिन्यांत, जमीन सोडून इमारतीच्या हिशेबी (घसारा वजा जाता उरलेल्या) किमतीपेक्षा जास्त. आणि काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांत इमारत विकली तर क्रेडिट परत द्यावं लागतं; परत द्यायची रक्कम दरवर्षी पाचव्या हिश्श्याने कमी होते.

वरच्या मजल्यांचा खर्च बघशील तर रंगरंगोटीत तो नाहीच. दुसरा जिना, लिफ्ट, आणि आगीच्या फवाऱ्यांसाठी रस्त्यातून घ्यायची मोठी पाण्याची जोडणी, इथे पैसा जातो. शेजारच्या दोन इमारतींना मिळून एक जिना आणि एक लिफ्ट चालते का, हे तुमच्या इमारत निरीक्षकाला आधी विचार. रस्ता खोदायचाच असेल तेव्हा प्रत्येक दारापर्यंत ती पाइप टाकून ठेवली तर त्याचा उपयोग करमाफीपेक्षा जास्त होईल, असं माझं मत.

लर्टाचं एक कलम लोक हमखास विसरतात: सूट बांधकाम परवाना घेतानाच मागायची. नंतर मागितली तर हातची जाते. परवान्याच्या अर्जालाच तो कागद टाचून द्या. दुसरं, शहर, काउंटी (जिल्हा) आणि स्कूल डिस्ट्रिक्ट (सरकारी शाळा चालवणारी, स्वतःचा कर लावणारी संस्था) या तिघांनी वेगवेगळे ठराव करायचे असतात, आणि करातला सगळ्यात मोठा वाटा शाळांचा असतो. शाळा नाही म्हणाल्या तर वरचं 1 लाख 70 हजारांचं गणितच कोसळतं.

कोणीतरी अ‍ॅलनटाउनचं उदाहरण देईलच. पेनसिल्व्हेनियातल्याच त्या शहरात 2009 च्या खास कायद्याने सुमारे 128 एकरांत तयार होणारे राज्याचे बहुतेक कर बांधकामाच्या कर्जफेडीला वळवले. 2014 मध्ये पीपीएल सेंटर हे आइस हॉकीचं बंदिस्त स्टेडियम उघडलं, 1996 मध्ये हेस डिपार्टमेंट स्टोअर बंद पडलेल्या भागात कचेऱ्यांचे मनोरे आले. पण कर नवा आहे की उपनगरातून उठून आलेल्या कंपनीचा, हे तो कायदा विचारत नाही. सुरुवातीला तर शेजारच्या गावांत राहणाऱ्यांचा उत्पन्न करही त्यात जात होता. ती गावं कोर्टात गेली आणि 2012 मध्ये कायदा बदलला. तुम्हाला तो कायदा लागू नाही, राज्याच्या तिजोरीचा तो दरवाजा तुमच्यासाठी उघडा नाही. तेव्हा चर्चा लांबवू नकोस.

अ‍ॅलनटाउनकडून उचलायचंच असेल तर दुसरं काही उचल. 1996 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या शहराच्या सनदेत (कारभाराच्या मूळ नियमावलीत) तिथे जमिनीवर जास्त आणि इमारतीवर कमी दराने शहर-कर आणला गेला. डाउनटाउनमधली पार्किंगची रिकामी जागा धरून बसणं त्यामुळे महाग होतं, बांधणं स्वस्त. अर्ज नाही, मुदत नाही, कुणाची शिफारस नाही. पेनसिल्व्हेनियातल्या तुमच्या दर्जाच्या शहरांना हे करता येतं. मात्र फक्त शहराच्या हिश्श्यापुरतं, आणि काउंटीचं मूल्यांकन फार जुनं असेल तर वाटप विचित्र होतं. आधी पंधरा-वीस पत्त्यांवर जुना आणि नवा कर मांडून बघा.

ठरावात मी इतकंच बदलीन: सरसकट सूट फक्त वरच्या रिकाम्या मजल्यांना आणि तीही उतरती. त्याहून जास्त हवी त्याने खर्च-उत्पन्नाचा कागद द्यावा, तो शहराने बाहेरच्या हिशेबनिसाकडून तपासून घ्यावा, त्याची फी अर्जदाराने भरावी. इमारतीचा भोगवटा दाखला 24 महिन्यांत न मिळाल्यास माफ झालेला कर वसूल. प्रत्येक करार वर्षाच्या हिशेबपत्रकांत रकमेसकट दाखवा; सरकारी संस्थांसाठीच्या लेखा मानक 77 (GASB 77) प्रमाणे माफ केलेल्या कराची एकूण रक्कम तशीही दाखवावी लागते.

स्कूल बोर्डाची सभा तुमच्या सभेच्या आधी आहे की नंतर, तेवढं कळव. आधी असेल तर हे गणित त्यांच्या खजिनदाराकडे या आठवड्यातच जायला हवं.

तुझा,
अविनाश