गाडी वर घेण्याआधी

कोल्हापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू गाडी उचलायच्या लिफ्टचे, गॅरेजात आडवे पडलेले ते दोन लाल खांब दाखवलेस, तेव्हा मी 'छान आहे' एवढंच म्हणालो. आई शेजारी बसली होती. तिच्यासमोर गाडी अंगावर येण्याचा विषय काढला असता, तर मिशिगनला जायचं तिकीट तिनं त्याच रात्री काढायला लावलं असतं. म्हणून हे लिहितोय.

उद्यमनगरातल्या आपल्या गॅरेजातला खड्डा तुला आठवत असेल. तेलकट, अंधारा, पावसाळ्यात पाण्यानं भरणारा. त्याचा एकच गुण होता, गाडी जमिनीवर असायची. पुढं आपण दोन खांबांची लिफ्ट घेतली आणि पाठ-गुडघे वाचले. पण पहिला महिनाभर मी गाडीखाली उभा राहिलो की मान आपोआप आत जायची. ती भीती पुढं मोडली, आणि ती मोडल्यावरच घोटाळा झाला. तो पुढं सांगतो.

आधी जमीन. या लिफ्टचा सगळा भार दोन खांबांच्या पायथ्याशी येतो आणि खांब आत झुकू पाहतात. त्यांना धरून ठेवतात ते फक्त अँकर बोल्ट, म्हणजे काँक्रीटमध्ये रुतवलेले बोल्ट. बहुतेक कंपन्या किमान चार-सव्वाचार इंच जाडीचं, 3000 पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचाला 3000 पौंड दाब सोसेल अशा) ताकदीचं काँक्रीट मागतात. तुझ्या लिफ्टच्या पुस्तकात जो आकडा असेल तो खरा, माझा नव्हे. घर बांधणाऱ्यानं 'चार इंच' सांगितलं म्हणून ते चार इंच भरतंच असं नाही; कडेला चार आणि मधे तीन, असं मी इथं कितीदा पाहिलंय. एक भोक आरपार पाड आणि तारेचा आकडा करून जाडी मोज. भेगेजवळ, जोडाजवळ खांब नको. नवीन काँक्रीट ओतलंस तर 28 दिवस त्याला हात लावू नकोस. आणि टेक्सास-कॅलिफोर्नियाकडच्या बऱ्याच घरांत स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात, त्यात ड्रिल घालणं म्हणजे जिवाशी खेळ. तुमच्याकडे तसं नसेल, तरी बिल्डरला विचारून घे. बोल्ट टॉर्क पान्यानंच, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्यानं आवळ, आणि काही दिवसांनी पुन्हा बघ.

आता घोटाळा. एका मारुती एस्टीमचं इंजिन-गिअरबॉक्स खाली काढायचं होतं. गाडी वर घेतली, लिफ्टचे चारी हात गाडीखाली बरोबर बसवले, दोनदा हलवून पाहिली. सगळं जसं हवं तसं. इंजिन खाली आलं आणि गाडीचं नाक वर गेलं. पुढचं वजन गेल्यावर मागचं जड झालं, इतकं साधं गणित. पण तीस वर्षं पाने फिरवलेल्या माणसाला ते त्या दुपारी सुचलं नाही. हेल्परचं पोरगं मागच्या बंपरखाली डबे आवरत होतं. मी ओरडलो, ते पळालं, गाडी डिकीवर आपटली. ग्राहकाला डिकीचे पैसे दिले. त्या पोराच्या आईला मात्र मी आजवर हे सांगितलेलं नाही.

तुझ्या मस्टँगचं इंजिन तू काढणारच आहेस. त्याआधी मागच्या बाजूला उंच स्टँड लाव, नुसते टेकतील इतके; त्यांनी गाडी उचलायची नाही. स्टँड लावलेले असताना लिफ्ट खाली-वर करायची नाही. आणि गाडी घसरायला लागलीच तर धरायला जाऊ नकोस. दीड टन लोखंड कोणाच्या बापाला धरवत नाही. तुझ्याही नाही. पळायची वाट आधीच मोकळी ठेव, तिथं नातवाची सायकल नको.

रोजचं काम असं कर. लिफ्टचे हात गाडीच्या उचलायच्या पॉइंटखाली आण, चाकं जमिनीपासून वीतभर सुटली की थांब. गाडी धरून जोरात हलव. कुरकुरली, सरकली, की खाली घे आणि पुन्हा बसव. मगच वर. हवी ती उंची आली की दोन्ही खांबांतून लॉकचा, म्हणजे गाडी खाली येऊ न देणाऱ्या लोखंडी खिट्टीचा 'टक्' ऐकायचा, एकातून नव्हे, दोन्हींतून. मग थोडं खाली सोडून वजन लॉकवर बसव. ही शेवटची पायरी माणसं आळसानं गाळतात. लिफ्ट तेलाच्या दाबावर चढते, आणि त्या तेलाचं सील आज नाहीतर उद्या गळणारच. तू गाडीखाली असताना ती लोखंडावर उभी असली पाहिजे, तेलावर नको. गाणी लावून काम करायची तुझी सवय मला माहीत आहे. गाडी वर घेताना ती बंद ठेव, टक् ऐकू आला पाहिजे.

तुझी लिफ्ट दहा हजार पौंडांची म्हणालास. म्हणजे एकेका हाताला अडीच हजार. उद्या एखादा मित्र लोड भरलेला पिकअप घेऊन आला तर एकूण वजन बसतं म्हणून होकार देऊ नकोस, पुढच्या दोन हातांवर किती येतं ते बघ. सूनबाईंच्या इलेक्ट्रिक गाडीच्या पोटात सगळी बॅटरीच आहे, तिथं हात टेकला तर बॅटरी जाईल. कंपनीनं दिलेल्या चार जागांशिवाय कुठंच नको.

खांबावर ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूटचं सोनेरी लेबल आहे का, ते मला फोटोत दिसलं नाही. 1945 सालची संस्था आहे तुमच्याकडची, तिच्या नियमानं लिफ्ट तपासलेली असली की ते लेबल मिळतं. नसेल तर खांब उभे करण्याआधी परत पाठव. स्वस्तात मिळाली हे तू दोनदा सांगितलंस, म्हणून विचारतोय.

शनिवारी तुमचे सकाळचे दहा म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसात. पहिल्यांदा गाडी वर घेशील तेव्हा फोन लावून खांबाजवळ ठेव. मी आईला देवळात पाठवून देईन. चित्र नाही दिसलं तरी चालेल, दोन टक् मला ऐकू आले पाहिजेत.

तुझे,
बाबा