आता गाडीचा आवाज येणार नाही

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण बाबा, फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही अंदाजाने जुळवता, हे आता मला माहीत झालंय. कागदावरचं तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचाल आणि आईलाही मोठ्याने वाचून दाखवाल. म्हणून लिहिते आहे.

लाल गाडी मी विकली. तीन महिने झाले.

पैशांची अडचण नाही, अपघात झाला नाही, गाडीत काही बिघाडही नव्हता. आई, तुझ्या मनात पहिलं हेच येणार, म्हणून आधी सांगून टाकलं. तिच्या जागी विजेवर चालणारी गाडी घेतली आहे. चार दारांची, राखाडी, रस्त्यात कुणी वळून बघणार नाही अशी. तीन महिने गप्प राहिले, कारण ती लाल गाडी जितकी माझी होती तितकीच बाबांची होती, आणि त्यांना कसं सांगावं ते मला सुचत नव्हतं.

बाबा, गाडी चालवायला तुम्ही मला कानांनी शिकवलंत. आपल्या जुन्या गाडीच्या मीटरवर तुम्ही रुमाल अडकवला होता आणि म्हणाला होतात, "काट्याकडे बघू नकोस, गिअर कधी बदलायचा ते गाडी स्वतः सांगते." पहिले आठ दिवस मला काहीच ऐकू आलं नाही. मग हळूहळू कळायला लागलं. इंजिन कण्हायला लागलं की खालचा गिअर, किंचाळायला लागलं की वरचा. तुमचा हात गिअरवर ठेवलेल्या माझ्या हातावर असायचा, आणि ज्या दिवशी तुम्ही तो काढून घेतलात तो दिवस मला अजून आठवतो.

त्यामुळे स्वतःच्या कमाईतून गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा मी ती आवाज ऐकून घेतली. सहा सिलिंडरचं, सात हजार आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत, चढणारं इंजिन. साडेचार हजारांच्या पुढे त्याचा सूर बदलायचा, आलाप संपून तान सुरू व्हावी तसा. पहिल्यांदा तुम्ही शेजारी बसलात तेव्हा डोळे मिटून घेतले होते. मी भीती वाटली का म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "ऐकतोय." त्या एका शब्दासाठी मी ती गाडी आणखी दहा वर्षं ठेवली असती.

पण मी ती रोज चालवत होते कुठे, ते सांगते. ऑफिस बत्तीस किलोमीटरवर. जाऊन-येऊन अडीच तास. त्यातला बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, समोरच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत. क्लच जड, सीट जमिनीला टेकलेली, सस्पेन्शन इतकं कडक की रस्त्यावरचा प्रत्येक सांधा पाठीत कळायचा. साडेचार हजारांचा तो सूर आठवड्यातून एखाद्या वेळी लागला तर लागला. घरी पोचले की अर्धा तास डोक्यात घुमत राहायचं आणि त्या अर्ध्या तासात मला कुणाशी बोलवत नसे. आई, तुझा फोन मी संध्याकाळी "जरा वेळाने करते" म्हणून ठेवायचे तो हाच अर्धा तास. तुला वाटायचं, लेक कामात आहे. मी सोफ्यावर नुसती बसलेली असायचे.

सकाळी साडेसहाला गाडी सुरू केली की शेजारचं बाळ उठायचं. थंड इंजिन मुद्दाम जोरात फिरतं, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापतो आणि कामाला लागतो. थंड असेपर्यंत तो जवळजवळ निरुपयोगी असतो. त्यामुळे दिवसातला सगळ्यात मोठा आवाज मी नेमका सगळे झोपेत असताना करत होते. त्या बाळाच्या आईने कधी तक्रार केली नाही. जिन्यात भेटली की हसायची, आणि तिचे डोळे लाल असायचे.

तरी एवढ्यावरून मी गाडी विकली नसती. विकली ती एका दिवसामुळे.

गेल्या वर्षी तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला आला होतात. बाबा, मी तुम्हाला एकट्यांना घेऊन बाहेर पडले होते. गाडीत दोनच सीट, म्हणून आई नेहमीसारखी "तुम्ही दोघं जा" म्हणून घरी थांबली. जाताना मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली. कित्येक महिने सांगायची राहिलेली, मनात दहा वेळा घोळवलेली. समोर रस्त्याकडे बघत बोलले, कारण तुमच्या डोळ्यांत बघून बोलता आलं नसतं. तुम्ही मान डोलावलीत. मी थांबले, तेव्हा पुन्हा मान डोलावून म्हणालात, "हो, बरोबर." मला इतकं हलकं वाटलं! आणि रात्री, आई झोपल्यावर, तुम्ही मला विचारलंत, "काय गं, काही मनात आहे का तुझ्या? गाडीत गप्प गप्प होतीस."

मी काही नाही म्हटलं. माझ्याने ते दुसऱ्यांदा सांगवलं नाही.

त्यानंतर कानांच्या डॉक्टरांनी जे समजावलं ते तुम्हाला आठवत असेल. वय झालं की आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, त, थ, फ ही अक्षरं त्याच पट्टीतली, म्हणून माणूस बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते निसटतं. आणि जे थोडंफार पोचत होतं त्यावर माझ्या इंजिनची घरघर पसरलेली होती. म्हणजे ज्या आवाजाने आपण दोघं एकमेकांच्या इतके जवळ आलो, त्यानेच त्या दिवशी माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही. हे लक्षात आलं तेव्हा मी गाडीत बसून होते, पार्किंगमध्ये, किल्ली न फिरवता. कितीतरी वेळ.

नवी गाडी घेण्याआधी मी दोन्ही गाड्यांमध्ये त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, फोनवर आवाज मोजला. फोनचं मोजमाप काही प्रयोगशाळेचं नव्हे, पण जुन्या गाडीत ७६ डेसिबल दाखवत होतं आणि नवीत ६३. तेरा आकडे म्हणजे काहीच नाही असं मला वाटलं होतं. पण डेसिबलचं गणित वेगळं असतं. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, त्यामुळे तेराचा फरक म्हणजे जवळजवळ वीसपट. कानाला ते वीसपट वाटत नाही, दुपटीहून थोडं जास्त वाटतं. पण ज्याला आधीच कमी ऐकू येतं, त्याच्यासाठी त्यात सगळं बोलणं मावतं.

आता या गाडीचं सांगते, कारण बाबा, तुम्ही आतापर्यंत तीनदा मनात म्हणाला असाल, "पण पिकअप?"

पिकअप आहे. मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर देते, तिला आरपीएम चढायची वाट बघावी लागत नाही. सिग्नलवरून निघताना ही जुन्या गाडीच्या पुढे जाईल. बाबा, मला एक गोष्ट वाचायला मिळाली आणि ती वाचताना तुमचीच आठवण आली. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी रस्त्यावरची पहिली गाडी विजेवर चालणारी होती. २९ एप्रिल १८९९, पॅरिसजवळ, कामी जेनात्झी नावाचा बेल्जियन चालक, ताशी १०५.८८ किलोमीटर. गाडीचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा आणि नाव 'ला जामे कॉन्तान्त', म्हणजे कधीच समाधानी नसलेली. तेव्हा ही वेगाच्या घराण्यातलीच आहे असं समजा.

पण खोटं सांगणार नाही. वेग आहे, चढत जाणं नाही. इंजिन जसं एकेक पायरी चढत वर जायचं आणि त्याच्याबरोबर आपणही, तसं हिच्यात काही होत नाही. जुनी गाडी नेणाऱ्या मुलाने ती सुरू केली आणि कोपऱ्यावर वळताना गिअर उतरवला, तो आवाज ऐकून मी रडले. गिअर त्याने अगदी योग्य वेळी उतरवला होता. त्यालाही कुणीतरी नीट शिकवलं असावं.

ब्रेकचं मात्र तुम्हाला फार आवडेल. "ज्याला रस्ता वाचता येतो त्याला ब्रेक कमी लागतो," हे तुमचं वाक्य या गाडीत अक्षरशः खरं होतं. अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की चाकं मोटरला फिरवतात, मोटर जनित्र होते आणि वीज परत बॅटरीत जाते. माझी गाडी अठराशे किलोची आहे, सगळं वजन खाली, जमिनीलगत. शंभर मीटर उंचीवरून ती खाली उतरते तेव्हा जवळजवळ अर्ध्या युनिटाची ऊर्जा मोकळी होते. पूर्वी ती ब्रेक तापवण्यात जायची, आता त्यातली बरीचशी परत मिळते. दूरचा सिग्नल लाल दिसला की मी आधीच पाय उचलते आणि गाडी स्वतःहून सावकाश होत थांब्यापर्यंत जाते. कित्येक दिवस मी ब्रेकला नीट पायही लावत नाही. फक्त शेजारी कुणी बसलं असेल तर हा परिणाम सौम्य करून ठेवते, कारण सारखं ओढल्यासारखं झालं की माणसाला मळमळतं. आई, तुझ्यासाठी तो सगळ्यात सौम्य ठेवीन.

खर्चाचा हिशेब मी ऊर्जेत केला, तुम्ही शिकवल्यासारखा. जुनी गाडी त्या गर्दीत चौसष्ट किलोमीटरला आठ लिटर पेट्रोल प्यायची. एका लिटरात साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, म्हणजे रोजची बहात्तर युनिट. नव्या गाडीला तेवढ्याच अंतराला दहाच्या आत लागतात. वीज तयार होतानाही ऊर्जा वाया जाते, कोळशावरच्या केंद्रात तर निम्म्याहून जास्त, हे मी धरूनच चालले आहे. तरी फरक उरतोच. वजनामुळे टायर लवकर झिजतात आणि थंडीत एका चार्जिंगवर गाडी कमी अंतर जाते, हेही खरं.

आई, तुला भीती वाटेल ती मुकाट येणाऱ्या गाडीची, आणि ती भीती योग्य आहे. पहिल्याच आठवड्यात पार्किंगमध्ये एक काठी टेकत चालणारे आजोबा माझ्या पुढे होते. त्यांना मी मागे आहे हे कळलंच नाही. गाडी कमी वेगात असताना बाहेर एक बारीक गुणगुण सोडते, पादचाऱ्यांना कळावं म्हणून. युरोपात तर १ जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या गाडीत ती सक्तीची आहे. पण आजोबांच्या कानांपर्यंत ती पोचली नाही. मी हॉर्न वाजवला नाही, दचकून पडले असते. ते बाजूला होईपर्यंत त्यांच्या मागून सावकाश येत राहिले. मला त्यांच्या जागी बाबा दिसत होते. आता गल्लीत, शाळेपाशी, पार्किंगमध्ये मी असंच धरून चालते की समोरच्याला माझी गाडी ऐकू आलेली नाही.

बाकी रोजचा प्रवास तोच आहे. तेच बत्तीस किलोमीटर, तीच गर्दी. पण पाय दुखत नाही, आणि बंद काचांच्या आत इतकी शांतता असते की रस्ता कुठे नवा केलाय ते टायरच्या आवाजावरून कळतं. बाबा, कान अजून कामात आहेत. घरी आले की तो अर्धा तास आता लागत नाही. आई, गेले तीन महिने मी तुझा फोन पहिल्या रिंगला उचलते, तुझ्या लक्षात आलं असेलच. शेजारचं बाळ सातपर्यंत झोपतं.

पुढच्या महिन्यात येते आहे. आपलं घर १८० किलोमीटरवर, वाटेत चार्जिंग लागणार नाही. तेवढ्याला बत्तीसेक युनिट जातील आणि बॅटरी साठची आहे. रात्रभर आपल्या गाडी ठेवायच्या खोलीतल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर लावली तरी तासाला तीन युनिटच्या हिशेबाने सकाळपर्यंत भरून निघेल. बाबा, फक्त तेवढ्या सॉकेटचं अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, एमसीबी, जुना असेल तर बदलून घ्या. एक्स्टेन्शन वायर मी वापरणार नाही. रात्रभर एवढा करंट घेतला तर साधी वायर तापते.

आई, पूर्वी गाडी वळणावर आली की तुला आवाजावरून कळायचं आणि मी पोचेपर्यंत तू खिडकीत असायचीस. आता कळणार नाही. तेव्हा संध्याकाळपासून खिडकीशी उभी राहू नकोस, गुडघे दुखतील. वळणावर गाडी थांबवून मी तुला फोन करीन, मग ये. या गाडीची बॅटरी खाली असल्यामुळे सीट उंच आहे, तुझ्या कमरेएवढी. वाकावं लागणार नाही, नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. आणि आता "तुम्ही दोघं जा" म्हणता येणार नाही तुला, मागे तुझी जागा आहे.

बाबा, तुम्ही पुढे बसा. कानातलं यंत्र आदल्या रात्री चार्जिंगला लावून ठेवा. त्या दिवशी जे सांगितलं होतं ते मी इथे लिहीत नाही. ते मला गाडी चालवताना, रस्त्याकडे बघत, तुम्हा दोघांना सांगायचंय.

तुमची,
लेक