डब्याचा धडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला दहा हिरव्या सवयींचा लेख चहाबरोबर वाचला. लेखिकेचा हेतू चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून त्यांना वाईट वाटायला नको. सवय चौथी : 'दुकानात जाताना घरचा डबा न्या.' बाईंनी स्वतः कधी नेलाय का?

मी नेला. पाडव्याच्या आदल्या दिवशी, चक्का आणायला. दुकानाचं नाव लिहीत नाही, परत तिथेच जायचं आहे. काउंटरवरच्या पोरानं डबा घेतला, पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, किलोभर चक्का भरला, गाठ मारली, पन्नी डब्यात ठेवून झाकण लावलं आणि म्हणाला, "लो अंकल, आपका डब्बा." अरे बाबा, मग पन्नी कशाला? तेव्हा स्वारीनं मोठा उसासा टाकला, चक्का परत पातेल्यात काढला, पन्नी टोपलीत फेकली, डबा काट्यावर ठेवला आणि किलोचा आकडा येईपर्यंत भरला. म्हणजे डब्यासकट किलो!

"धडा नाही केलास," मी म्हटलं. तो नुसता बघत राहिला. त्याचा तरी काय दोष? धडा हा शब्दच बाजारातून गेला. पूर्वी रिकामं भांडं एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात खडे, खिळे, जे असेल ते टाकून काटा सरळ करत. तेलवाल्याकडे धडा झाल्याशिवाय धार सुरू होत नसे. आता तर खडेही नकोत, इलेक्ट्रॉनिक काट्याला त्यासाठी बटणच असतं, दाबलं की शून्य. या काट्यावर नेमकं तेच बटण एका पेढ्याच्या स्टिकरखाली गेलेलं होतं. मिठाईवाले पुठ्ठ्याचा खोकाही मिठाईच्या भावानं विकतात, ते वेगळंच. कायदा निव्वळ वजनाचा आहे म्हणे.

घरी येऊन रिकामा डबा वजन केला : 310 ग्रॅम. चक्का 400 रुपये किलो. म्हणजे माझ्याच डब्याचे मी 124 रुपये दिले. जन्मभर बँकेत रोकड मोजली आहे, हिशेब चुकत नाही. आमच्या सौ. म्हणाल्या, "पन्नीतच आणायचा होतात." पर्यावरणाचं काय व्हायचं ते होवो, श्रीखंड मात्र पाहुण्यांना पुरलं नाही.

लेखात आपल्या इंदूर शहराचं कौतुकही आहे. ते खोटं नाही. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर आपला, कचरागाडी दारात येते, सहा प्रकारचा कचरा वेगळा घेते. देवगुराडियाचा प्रकल्प रोज 550 टन ओला कचरा पचवू शकतो, त्याच्या गॅसवर सिटी बस धावतात. पण हे सगळं कचरा झाल्यानंतरचं. तो होऊच नये म्हणून हातात डबा घेऊन निघालेल्या माणसाला हे शहर अंकल म्हणतं आणि 310 ग्रॅमनं लुटतं. 120 मायक्रॉनहून पातळ पन्नी 2022 च्या शेवटच्या दिवसापासून बंद आहे. पोरानं चक्का भरला ती माझ्या धोतराहून पातळ होती.

(बांबूचा ब्रश ही सवय सातवी. दातच नाहीत, त्यामुळे त्यावर मत नाही.)

तरी हार मानली नाही. बर्तन बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून डब्याच्या बुडाला '310 ग्राम' कोरून घेतलं. त्यालाही गंमत वाटली, आजवर त्यानं नवरानवरीची नावंच कोरली होती. परवा तोच डबा घेऊन त्याच दुकानात गेलो आणि उलटा करून दाखवला. पोरानं वाचलं, आत मालकाकडे जाऊन आला आणि म्हणाला, "अंकल, ये तो आपने लिखवाया है."

आपला,
एक जुना वर्गणीदार, रामबाग, इंदूर

ता. क. : लेखात तीन ठिकाणी 'इंदौर' छापलं आहे. हिंदी पेपरात ठीक आहे, पण मराठीत आपण इंदूरच म्हणतो ना? आणि शनिवारच्या कोड्यात उभा शब्द 11 ला चौकटी पाच, उत्तर मात्र चार अक्षरी. दोन दिवस डोकं खाल्लं त्यानं.