त्या रात्री इन्सुलिन मिळवून देणाऱ्यांचे मनापासून आभार
आईचं इन्सुलिन संपलं आणि रात्रभर उघडं असणारं मेडिकल नेमकं बंद, त्यात तिला टाइप 1 डायबेटिस (यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही), म्हणजे सकाळपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं, इन्सुलिन नसलं की काही तासांतच रक्तात कीटोन नावाची घातक आम्लं वाढायला लागतात. बंद शटरसमोर भेटलेल्या ताई, तुम्ही स्वतःच्या फ्रीजमधलं सीलबंद इन्सुलिन पेन आणून दिलंत, वर टॉर्च लावून नाव आणि एक्सपायरी दोन्ही तपासायला लावलंत (वापरलेलं पेन सुई बदलूनही दुसऱ्याला द्यायचं नसतं हेही तुम्हीच सांगितलंत). आणि कॅज्युअल्टीतले डॉक्टर, तुम्ही फोनवर जुनं प्रिस्क्रिप्शन बघून, पेन तेच आहे ना याची खात्री करून, डोस इतका शांतपणे समजावलात की माझी भीतीच गेली. आई बरी आहे. तुम्हा दोघांचे खूप खूप आभार!