रविवारी कागदाचा लगदा आणि सोमनाथ होर

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० ला नेहमीच्या हॉलवर या, विषय बंगालचे चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांची ‘वूंड्स’ (म्हणजे जखमा) ही कागदाच्या लगद्यातली मालिका. १९२१ ला चितगावकडे जन्म, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातली उपाशी माणसं त्यांनी समोर बसून काढली आणि ती जखम पुढे आयुष्यभर भरलीच नाही. १९७० च्या दशकात शांतिनिकेतनला ते माती-मेणाच्या थरावर सुरीने चिरायचे, तापल्या सळीने डागायचे, त्यावरून सिमेंटचा साचा काढून त्यात कागदाचा लगदा दाबायचे. पांढऱ्यावर पांढरं, पण बाजूने उजेड पडला की चिरलेलं कातडंच दिसतं! फोटोत हे अर्धंही कळत नाही म्हणून आपण स्वतः करून बघणार.

– वॉटरकलर पेपरचे तुकडे शनिवारी रात्रीच भिजत घाला. पेपरची रद्दी नको, पिवळी पडते.
– स्पंज आणि जुनं सुती फडकं प्रत्येकाने आपापलं आणा, मिक्सर नि साचे तयार आहेत
– उरलेला लगदा बेसिनमध्ये ओतू नका प्लीज, मागे पाइप तुंबला होता.

लगदा साच्यातच हळूहळू वाळू द्यायचाय, घाईने काढला तर वाकतो, त्यामुळे आपापलं काम गुरुवारी संध्याकाळी न्यायला या. नावं शुक्रवारपर्यंत इथेच टाका.