मक्तेदारीला ढाल देण्याआधी खेळाडूंना करार द्या : सिनेटर टेड क्रूझ यांना खुले पत्र

मा. सिनेटर टेड क्रूझ,
अध्यक्ष, वाणिज्य समिती, अमेरिकी सिनेट

सप्रेम नमस्कार.

मी ह्यूस्टनचा मतदार आणि ह्यूस्टन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा चाहता. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण या विषयावर इथल्या मराठी घरांतही बोलले जावे असे मला वाटते. इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे वेगळी पाठवतो. बास्केटबॉल तुम्हाला समजावून सांगायला नको. २०१८ साली टीव्हीवरचा विनोदी निवेदक जिमी किमेलला याच शहरात ११-९ असे हरवलेत, ते लक्षात आहे. (खेळ मात्र दोघांचाही बघवत नव्हता.)

कॉलेज खेळांसाठी देशभर एकच कायदा असावा, त्यात एनसीएएला (कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेला) मक्तेदारीविरोधी कायद्याखालच्या खटल्यांपासून संरक्षण मिळावे आणि खेळाडूंना कर्मचारी मानू नये, ही तुमची भूमिका जाहीर आहे. तिच्यामागचा वैताग मला कळतो. दर उन्हाळ्यात संघातली नवी नावे पाठ करून मीही कंटाळलो आहे. २०२५ च्या एकाच मोसमानंतर पहिल्या श्रेणीतले दोन हजारांहून जास्त पुरुष बास्केटबॉल खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांच्या यादीत, उतरले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सॅन अँटोनियोला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपण फ्लोरिडाकडून ६५-६३ हरलो. शेवटच्या चढाईत बास्केटकडे चेंडू फेकताही आला नाही. फ्लोरिडाचे तिन्ही मुख्य गार्ड बाहेरून आलेले होते : वॉल्टर क्लेटन आयोनाहून, अलिजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून, विल रिचर्ड बेलमाँटहून. आपण तरी कुठे वेगळे होतो? आपला क्रायर बेलरहून आलेला, उझान ओक्लाहोमाहून.

पण ही पळापळ खेळाडूंच्या हावेमुळे सुरू झाली असे तुमच्या बाजूचे लोक सांगतात, ते पटत नाही. पूर्वी विद्यापीठ बदलले की एक वर्ष बाकावर बसावे लागे. २०२१ मध्ये एकदा बदलायची मोकळीक मिळाली. २०२३ च्या डिसेंबरात वेस्ट व्हर्जिनियाच्या फेडरल न्यायालयाने उरलेला अडसरही (दुसऱ्यांदा बदलल्यावर वर्षभर बसण्याचा) रोखून धरला आणि पुढच्या वर्षी एनसीएएने तो काढूनच टाकला. त्याआधी, २०२१ मध्येच, खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरच्या मर्यादांबद्दलच्या अ‍ॅल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्ध ९-० निकाल दिला होता. आणि प्रशिक्षकांचे काय? त्याच वर्षी ख्रिस बेअर्ड टेक्सस टेक सोडून थेट ऑस्टिनला, टेक्सस विद्यापीठात गेले. टेक्सस टेकच्या लबक गावात संताप झाला, पण प्रशिक्षकांना आवर घालणारा कायदा करा, असे कोणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. त्यांच्या करारात मुदत असते, आणि मोडला तर कोणी किती भरायचे तेही लिहिलेले असते. खेळाडूला आजवर असा करार कोणी नीट बसून दिलेलाच नाही.

एनबीएकडे, म्हणजे व्यावसायिक लीगकडे बघा. कोबी ब्रायंट १९९६ मध्ये आणि लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये शाळेतून थेट व्यावसायिक झाले. २००५ च्या करारानंतर ते दार बंद झाले : ड्राफ्टच्या (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या) वर्षात वय १९ पूर्ण हवे आणि अमेरिकन मुलगा असेल तर शाळा संपून एक वर्ष उलटलेले हवे. म्हणूनच केविन ड्युरंट ऑस्टिनला एकच मोसम दिसला आणि कूपर फ्लॅग एका वर्षात ड्यूकहून डॅलसला आला. मला हा नियम आवडत नाही; ज्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचे वर्ष त्यात गेले, त्यांचा प्रतिनिधी त्या बैठकीत नव्हता. तरीही तो वीस वर्षे टिकला, कारण मालकांनी तो खेळाडू संघटनेशी वाटाघाटी करून ठरवला. त्याआधीचा, शाळा संपून चार वर्षे उलटल्याशिवाय प्रवेश नाही, हा नियम लीगने स्वतःच घातलेला होता. स्पेन्सर हेवूडने त्याला आव्हान दिले आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बाजी मारली. एनसीएएचे सगळे दुखणे या फरकात आहे. त्यावर तुम्ही संरक्षणाचा उतारा देता, म्हणजे एकतर्फी नियम पुन्हा एकतर्फीच राहणार, फक्त न्यायालयात जायची वाट बंद होणार.

पैसा आल्याने सगळे बिघडले, हेही अर्धेच खरे. २०२१ मध्ये ३५३ खेळाडूंनी मुदतीआधी एनबीए ड्राफ्टसाठी नाव दिले होते; २०२५ मध्ये १०६. उझाननेही नाव दिले आणि मागे घेतले. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठाला सर्व खेळ मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देता येते. घाईने ड्राफ्टमध्ये उडी मारून मग परदेशातल्या एखाद्या लीगमध्ये हरवण्यापेक्षा मुले आता कॉलेजात राहतात. चाहत्याला यापेक्षा काय हवे?

उलट दिशेचा, म्हणजे व्यावसायिक खेळाडू कॉलेजात येण्याचा, गोंधळ मात्र खरा आहे. जेम्स नाजी २०२३ च्या ड्राफ्टमध्ये ३१ वा निवडला गेला, बार्सिलोनाकडून खेळला आणि डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याच राज्यात, वेकोला बेलरच्या संघात आला. त्याने एनबीएचा करार केलेला नव्हता, म्हणून माझी हरकत नाही. पण चार्ल्स बेडियाकोने एनबीएच्या स्पर्स संघाशी करार केलेला असूनही जानेवारी २०२६ मध्ये तो न्यायालयाच्या तात्पुरत्या आदेशावर अलाबामाकडून खेळला. एनबीएचा करार केला की कॉलेज संपले, ही रेघ कायद्यात स्पष्ट लिहा. ती सर्वांना मान्य होईल.

आणखी एक गोष्ट, जी आम्हा मराठी लोकांना तोंडपाठ आहे : परदेशी विद्यार्थ्यांचा एफ-१ व्हिसा. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम, बाहेर पहिल्या वर्षी अजिबात नाही. हकीम ओलाजुवान लागोसहून ह्यूस्टनला आला, तेव्हा हा प्रश्न नव्हता, कारण पैसे कोणालाच मिळत नव्हते. आज त्याच संघातला सर्बियाचा किंवा नायजेरियाचा मुलगा सहकाऱ्याइतकाच पैशाचा वाटा घ्यायला घाबरतो, कारण व्हिसा धोक्यात येईल. हे एनसीएए सोडवू शकत नाही, काँग्रेस सोडवू शकते.

म्हणून माझी मागणी : एनसीएएला जे काही संरक्षण द्याल, ते खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारातल्या नियमांपुरतेच द्या. त्या करारात दोन-तीन वर्षांची मुदत असू द्या, आणि ती मोडणाऱ्याने, मग तो खेळाडू असो वा विद्यापीठ, भरपाई द्यावी. तुमच्या पुढच्या मसुद्यात हे येणार की नाही, याचे लेखी उत्तर मला हवे आहे.

आपला,
ह्यूस्टनचा एक मतदार